रामचंद्र दत्तात्रेय रानडे : हृदय, मेंदू आणि चैतन्याचे अधिष्ठान

चैतन्याचे देहातील स्थान कोणते, हा प्रश्न आज बंगळूरसारख्या नगरीत प्रयोगशाळांतून विचारला जातो. तेथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि १९७४ मध्ये तिचे रूपांतर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत झाले. पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने तत्त्वज्ञान आणि मज्जाविज्ञान यांना एका व्यासपीठावर आणण्याचा यत्न केला. परंतु त्याच राज्याच्या उत्तर टोकाला, सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील निंबाळ नावाच्या एका लहानशा स्थानकानजीक, हाच प्रश्न एका मराठी प्राध्यापकाने ग्रंथांच्या आणि स्वानुभवाच्या साहाय्याने आयुष्यभर हाताळला होता, याचे स्मरण आपल्या अभ्यासकांना क्वचितच होते. रामचंद्र दत्तात्रेय रानडे हे संतवाङ्मयाचे भाष्यकार म्हणून सर्वज्ञात आहेत. मानसशास्त्राचे जिज्ञासू म्हणून त्यांची ओळख मात्र अंधूक राहिली आहे, आणि प्रस्तुत चरित्रलेखाचा कटाक्ष तिच्यावरच आहे.

रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी संस्थानात झाला. घरात मराठी व भोवती कानडी, अशा दुभाषी वातावरणात ते वाढले. या परिसराची ही खूण त्यांच्या पुढील सर्व लेखनात उमटलेली दिसते. १९०१ मध्ये, म्हणजे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, उमदीचे भाऊसाहेब महाराज यांच्याकडून त्यांना नाम मिळाले. भाऊसाहेबांचे गुरू निंबर्गीचे महाराज हे लिंगायत होते. त्यामुळे या परंपरेत वचनकारांची कानडी पदे आणि समर्थांचा दासबोध एकाच बैठकीत म्हटले जात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. प्रवेश परीक्षेत रानडे यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली व ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. १९०७ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर मात्र प्रकृतीने त्यांना दगा दिला. पदवी आणि एम. ए. यांमध्ये सात वर्षांचे अंतर पडले, ते या दीर्घ आजारपणामुळे. १९१४ मध्ये तत्त्वज्ञान विषयात कुलपतींचे सुवर्णपदक मिळवून त्यांनी ही परीक्षा दिली. त्याच वर्षी त्यांचे गुरू निवर्तले.

या आजारपणाविषयी चरित्रकार बहुधा भक्तिभावाने लिहितात आणि नामस्मरणाने प्राण वाचले एवढे सांगून पुढे जातात. आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. स्वतःचे शरीर हाच ज्याचा सततचा अडसर, अशा माणसाला देह आणि जाणीव यांचा संबंध हा केवळ पुस्तकी प्रश्न राहत नाही. रानडे कृश होते, अल्पाहारी होते, दिवसाचा फार मोठा भाग ध्यानात काढीत. देहाच्या दुर्बलतेतून येणारे भास आणि ध्यानातून येणारे अनुभव यांत भेद कसा करावयाचा, ही शंका परक्याने काढण्याआधी त्यांना स्वतःलाच पडली असली पाहिजे. त्यांच्या ग्रंथांची रचना पाहता हे अनुमान अतिशयोक्त ठरणार नाही.

पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवू लागले. या काळातील त्यांचे लेखन प्रामुख्याने ग्रीक विचारवंतांवर आहे : हेराक्लिटसवर त्यांनी लिहिले, एलियाच्या तत्त्वज्ञांवर ॲरिस्टॉटलने घेतलेल्या आक्षेपांचे परीक्षण केले. उपनिषदांकडे ते वळले ते ग्रीकांच्या वाटेने, ही गोष्ट विसरता येत नाही. पुढे प्रकृतीमुळे पुण्याचे अध्यापन सोडून ते निंबाळला राहू लागले, आणि १९२६ मध्ये पुण्याच्या ओरिएंटल बुक एजन्सीने त्यांचा उपनिषदांच्या तत्त्वज्ञानाचे विधायक पर्यालोचन करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

या ग्रंथातील मानसशास्त्रविषयक प्रकरण आजही सावकाश वाचण्याजोगे आहे. उपनिषदांतील मानसविचाराचे त्यांनी तीन भाग पाडले : व्यवहारातील मनोव्यापार, असामान्य मनोवस्था आणि आत्मस्वरूपाची तात्त्विक चिकित्सा. निद्रेची उपपत्ती सांगताना ते उपनिषदांतील परस्परविरोधी मते जशीच्या तशी मांडतात. एका ठिकाणी निद्रेचे कारण थकवा आहे. दुसरीकडे मन प्राणात विसावते म्हणून झोप लागते. बृहदारण्यकात तर हृदयातून निघणाऱ्या हिता नावाच्या बहात्तर हजार नाड्यांतून जीव सरकतो व झोपी जातो. ही सर्व मते एका सिद्धान्तात बसवण्याचा मोह भाष्यकारांना शतकानुशतके झाला. रानडे यांना तो झाला नाही. पतंचल काप्याच्या घरातील गंधर्वाने पछाडलेल्या मुलीची कथा त्यांना पाश्चात्त्य परामानसशास्त्रीय संशोधनाच्या पूर्वरूपासारखी वाटते. येथे त्यांच्या काळाचा प्रभाव जाणवतो. ते संशोधन त्या वेळी विद्वानांत प्रतिष्ठित होते, आज ते तसे नाही.

प्रकरणाचा खरा गाभा आत्म्याच्या स्थानाविषयीच्या चर्चेत आहे. छांदोग्यातील दहरविद्या आणि कठोपनिषदातील हृदयाच्या एकशे एक नाड्या हे दोन्ही पुरावे हृदयाच्या पक्षाचे आहेत. ॲरिस्टॉटलचाही कौल हृदयालाच होता, हे ग्रीकांच्या या अभ्यासकाला स्वाभाविकच आठवते. परंतु तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत एक विलक्षण उतारा आहे. हृदयातील आकाशात मनोमय पुरुष आहे असे सांगून ऋषी लगेच वर सरकतो : दोन टाळूंच्या मध्ये स्तनासारखे जे लोंबते ते इंद्राचे उगमस्थान, आणि जेथे केसांचा शेवट होतो तेथे कवटी भेदून मार्ग जातो. अधिष्ठान हृदयापासून मस्तकाकडे स्थलांतरित होत असल्याची ही खूण आहे, असे रानडे यांनी ओळखले. आता स्तनासारखे लोंबते ते काय? बहुतेक भाषांतरकारांनी पडजीभ असा अर्थ केला. रानडे दुसरी शक्यता पुढे ठेवतात. टाळूच्या हाडांच्या वर, कवटीच्या आत, मेंदूच्या तळाशी लोंबणारी पीयूषिका ग्रंथी तर ऋषींना अभिप्रेत नसेल? उघडलेली कवटी त्यांनी पाहिली असेल काय?

या तर्काचा मोह मोठा आहे, पण तो स्वीकारता येत नाही, असे आमचे मत आहे. आज पीयूषिका ग्रंथीविषयी पुष्कळ माहिती झाली आहे. वाढ, प्रजनन, दुग्धस्राव, शरीरातील पाण्याचे नियमन यांवर ती अंतःस्रावांच्या द्वारे सत्ता चालवते. जाणिवेचे आसन म्हणून तिला मान्यता देण्याजोगा पुरावा नाही. तोंड उघडताच जिला आरशाशिवाय दुसऱ्याच्या घशात पाहता येते त्या पडजिभेला सोडून ऋषींना कवटीच्या आत धाडण्याचे कारण दिसत नाही. तथापि रानडे यांनी हा तर्क प्रश्नरूपाने मांडला आहे, सिद्धान्त म्हणून नव्हे. शिवाय दिशा म्हणून तो अगदीच निराधार नव्हता. आयुर्वेदातील भेलसंहितेत, चरकाच्या हृदयवादाहून वेगळी वाट धरून, मनाचे स्थान शिर आणि टाळू यांच्या मध्ये सांगितले आहे. म्हणजे टाळूच्या वर काहीतरी जाणते तत्त्व आहे, ही कल्पना भारतीय विचारात एकाकी नव्हती. त्याच चर्चेत रानडे विल्यम जेम्सचाही आधार घेतात. १८९० च्या आपल्या मानसशास्त्रात जेम्सने बारकाईने आत्मनिरीक्षण करून असे नोंदवले होते की, ज्याला आपण अंतर्यामीचा ‘मी’ म्हणतो तो तपासू गेल्यास बव्हंशी मस्तकातील आणि मस्तक व कंठ यांच्या दरम्यानच्या हालचालींच्या स्वरूपात सापडतो. अमेरिकेतील प्राध्यापक आणि तैत्तिरीय ऋषी एकाच जागी बोट ठेवतात, याचा रानडे यांना झालेला आनंद त्या पृष्ठांतून लपत नाही.

१९२७ च्या सुमारास गंगानाथ झा यांच्या निमंत्रणावरून ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तेथे १९४६ पर्यंत त्यांनी काम केले व काही काळ कुलगुरुपदही सांभाळले. प्रशासनाविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. १९३३ हे वर्ष अधिक महत्त्वाचे. त्या वर्षी परंपरेचे उत्तराधिकारी अंबुराव महाराज निवर्तले आणि संप्रदायाची धुरा रानडे यांच्याकडे आली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील गूढवादावरील त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वरांचा गूढवाद बौद्धिक, नामदेवांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कर्मप्रवण, ही त्यांची मांडणी मराठी समीक्षेत इतकी रुजली की तिचा कर्ता कोण हे सांगण्याची गरज भासेनाशी झाली. मांडणी थोडी जास्तच नीटस आहे. तुकारामांच्या अभंगांत बुद्धीचा विलास नाही असे कोण म्हणेल?

या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मात्र त्यांनी तो प्रश्न टाळलेला नाही, ज्याच्यापाशी साधक आणि मज्जाशास्त्रज्ञ समोरासमोर येतात. संतांना तेज दिसते, रंग दिसतात, अनाहत नाद ऐकू येतो. हे ज्ञान आहे की मज्जातंतूंचा खेळ? डोळ्यांवर दाब पडला तरी प्रकाश दिसतो. मेंदूच्या दृष्टिविषयक भागाला विजेचा सौम्य स्पर्श केल्यास रुग्णाला ठिणग्या आणि रंग दिसतात, हे शस्त्रक्रियेच्या मेजावर नोंदले गेले आहे. अर्धशिशीच्या रुग्णालाही झटक्याआधी तेजाच्या वळ्या दिसतात. रानडे यांचे उत्तर असे की, अनुभवाचे मूल्य त्याच्या शारीरिक उगमावरून ठरत नाही. ते बुद्धी, भावना आणि संकल्प यांना डावलत नाही ना, देशकालातीत साधकांच्या अनुभवांशी ते जुळते का, आणि त्याने माणसाचे आचरण उन्नत होते का, यांवरून ते पारखावे. यांपैकी दुसरी कसोटी सर्वांत दुबळी आहे. सर्व मानवांचा मेंदू एकाच घडणीचा असल्याने अनुभव जुळणे हे शरीरवाद्याच्याही उपयोगाचे आहे. तिसरी कसोटी मात्र शरीरवाद्याला सहज बाजूला सारता येत नाही, कारण अर्धशिशीच्या वळ्यांनी कोणाचे आचरण पालटल्याचे ऐकिवात नाही. यावर, चांगल्या आचरणाने अनुभव हितकर ठरतो, सत्य ठरत नाही, असा आक्षेप घेता येईल. रानडे यांनी त्याचे पूर्ण निरसन केले आहे असे आम्हांस वाटत नाही.

त्यांच्या हयातीतच यंत्रे ध्यानस्थांच्या मस्तकापर्यंत पोहोचली. १९५५ मध्ये दास आणि गास्तो यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा अभ्यास फ्रान्समध्ये प्रसिद्ध केला, १९५७ मध्ये बागची आणि वेंगर यांचा, आणि १९६१ मध्ये आनंद, छिना व सिंग यांचा. लहरी मोजल्या गेल्या, पण लहरी असताना आत काहीतरी जाणवते ते का, हा प्रश्न तसाच उरला. १९९५ मध्ये डेव्हिड चॅमर्स याने या प्रश्नाला कठीण प्रश्न असे नाव दिले, तेव्हापासून त्याची चर्चा थांबलेली नाही. पीयूषिकेच्या जागी आज मेंदूच्या विविध भागांतील परस्परसंबंध आले आहेत. अधिष्ठानाचा शोध स्थळाकडून रचनेकडे सरकला, एवढाच बदल.

निवृत्तीनंतर रानडे निंबाळलाच राहिले. बेळगावात तौलनिक तत्त्वज्ञान व धर्म यांच्या अभ्यासाची जी संस्था उभी राहिली तिच्यामागे त्यांची प्रेरणा होती. १९५४ मध्ये हिंदी संतांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. कानडी संतांवरील व्याख्याने, मराठी संतांवरील ग्रंथ आणि गीतेवरील ग्रंथ मात्र त्यांच्या पश्चात छापले गेले. चार भाषांतील भक्तांच्या वाणीला एकाच मानसशास्त्राच्या चौकटीत आणण्याचा असा उद्योग दुसऱ्या कोणी केल्याचे दिसत नाही, आणि भारतीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासात त्याचा उल्लेख इतका तुरळक का, हे कोडेच आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली व विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. जमखंडीही गेली. मराठीत संतवचनामृते संपादित करणारे रानडे असे आयुष्याच्या अखेरीस बंगळूर ही राजधानी असलेल्या राज्याचे नागरिक ठरले. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या समाधिस्थानी भजनात आजही मराठी आणि कानडी पदे एकामागून एक म्हटली जातात.