करड्या आभाळाचा चित्रकार

योसेफ इस्राएल्स १८२४ साली हॉलंडमधील ग्रोनिंगेन शहरी एका यहुदी कुटुंबात जन्मले. आरंभी ते इतिहासातील थोर प्रसंग रंगवीत. त्यात विशेष काही नव्हते. १८५५ साली प्रकृती सुधारावी म्हणून ते झांडफूर्त या कोळ्यांच्या गावी जाऊन राहिले आणि त्यांना आपला विषय सापडला. तिकडचे आभाळ पुष्कळदा ढगाळ असते. पाणी, वाळू, ढग यांच्या रंगांत फरक थोडाच. इस्राएल्सांनीही मग रंग आवरते घेतले. करडा, तपकिरी, मळकट पांढरा, एवढ्यावर त्यांचे पुष्कळ काम भागे.

१८६१ च्या सुमाराचे त्यांचे एक मोठे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. बुडालेल्या कोळ्याला सोबती किनाऱ्यावरून उचलून नेत आहेत. पुढे त्याची बायको, बरोबर दोन मुले. एखादा भडक रंग असता तर नजर तिकडेच गेली असती. येथे ती त्या बाईवरून हलत नाही.

१८७१ साली ते हेग शहरी आले. तेथील चित्रकारांना लोक करड्या रंगाचे घराणेच म्हणत. उतारवयात, १९०३ साली, त्यांनी यहुदी लग्नही रंगविले. नवरा नवरीच्या बोटात अंगठी घालतो आहे. १९११ साली हेगलगतच्या स्खेवेनिंगेन या समुद्रकाठच्या गावी ते वारले.