इंदापूरच्या गढीत कोण राहत होतं?

इंदापूरची गढी आम्हाला ठाऊक ती जुनी मामलेदार कचेरी म्हणून. कचेरीच्या आधी इथं कोण होतं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

ही गढी मालोजीराजे भोसले यांची, म्हणजे शिवरायांच्या आजोबांची. मूळ वेरूळचे, फलटणच्या निंबाळकरांचे जावई. अहमदनगरच्या निजामशाहीत तलवार गाजवून त्यांनी पुणे-सुप्याची जहागीर मिळवली. आपल्या बारामती तालुक्यातलं सुपे ते हेच. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला, शिखर शिंगणापूरला तलाव बांधला. मूल होईना, तेव्हा नगरच्या शाह शरीफ पीरबाबांना साकडं घातलं, असं परंपरा सांगते. पुढे मुलं झाली, त्यांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी.

इंदापूरच्या लढाईतच मालोजीराजे धारातीर्थी पडले. जहागीर शहाजीराजांकडे आली. शरीफजी १६२४ साली भातवडीला मलिक अंबरच्या बाजूनं लढताना कामी आले.

आज गावात राजांची गढी आहे आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गाही आहे. हल्ली कोण कुठला, हे फार विचारलं जातं. आपण मुलांना एकदा गढीवर न्यावं आणि या दोन भावांची नावं कशी पडली, तेवढं सांगावं.