चिनी कायचिकित्सेचा जनक : चांग चुंगचिंग

आयुर्वेदाचा विषय निघाला की चरक आणि सुश्रुत ही दोन नावे आपल्या ओठी आपोआप येतात. शस्त्रकर्म सुश्रुताचे आणि पोटात औषध देऊन रोग बरा करण्याची विद्या, म्हणजेच कायचिकित्सा, चरकाची, अशी आपली ढोबळ वाटणी. आपल्या बेटावर चिनी बांधव पिढ्यान्पिढ्या आपल्या शेजारी राहत आले आहेत. त्यांच्या दुकानातून आपल्या आज्यांनी वहीवर उधारीने तांदूळ आणि तेल आणले. परंतु त्यांच्या वैद्यकाचा चरक कोण, असे विचारले तर आपल्यापैकी फार थोड्यांना उत्तर देता येईल. त्याचे नाव चांग चुंगचिंग. या आठवड्यात आम्ही त्याचेच चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्याचे जन्मनाव चांग ची. चुंगचिंग हे मोठेपणी लोकांनी हाक मारावयाचे नाव. जन्म इसवी सन 150 च्या सुमाराचा आणि मृत्यू 219 च्या आसपासचा, असे परंपरा मानते. गाव होनान प्रांतातील नानयांग भागातले. हा मुलूख त्या काळी सधन होता. हान घराण्याची गादी दुसऱ्यांदा स्थापन करणारा सम्राट क्वांगवू येथलाच. आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्या माणसाला चिनी लोक पुढे वैद्यसंत म्हणू लागले, त्याचे चरित्र त्या काळच्या राजदरबारी इतिहासग्रंथांत कोठेच नाही. सेनापतींना, कवींना, फार काय, त्याचा समकालीन शल्यवैद्य ह्वा थो यालाही तेथे जागा मिळाली. याला मिळाली नाही. म्हणून त्याची हकीगत इतरांच्या ग्रंथांतील तुरळक उल्लेखांवरून आणि त्याच्या स्वतःच्या नावावर असलेल्या प्रस्तावनेवरून जुळवावी लागते.

लहानपणी तो ह यूंग नावाच्या एका पारखी गृहस्थाला भेटला. त्या गृहस्थाने मुलाला न्याहाळून सांगितले की, याची बुद्धी बारीक विचार करणारी आहे, पण वागण्यात दरबारी रुबाब नाही. हा पुढे चांगला वैद्य होईल. त्या काळी विद्वान घरातील मुलाने सरकारी हुद्दा मिळवावयाचा, वैद्यकी करणे कमी दर्जाचे, अशी समजूत होती. तेव्हा ही स्तुती की टोमणा, कोण जाणे. मुलाने मात्र आपल्याच गावच्या चांग पोत्सू या वैद्याकडे शिकण्यास आरंभ केला आणि लवकरच तो गुरूच्या पुढे गेला, असे जुने लोक सांगतात.

तो काळ मोठा वाईट होता. सम्राट लिंग याच्या कारकीर्दीत 171, 173, 179, 182 आणि 185 या साली साथींच्या नोंदी आहेत. 184 मध्ये डोक्याला पिवळी फडकी बांधलेल्या शेतकऱ्यांचे बंड उसळले. 190 मध्ये राजधानी लोयांग जाळली गेली आणि लाखो माणसे रस्त्यावर आली. उपासमार, लढाया आणि ताप यांचा फेरा काही केल्या थांबेना.

या फेऱ्यात चुंगचिंगचे घरच सापडले. प्रस्तावनेत दिलेला हिशोब असा : त्याच्या कुळात पूर्वी 200 हून अधिक माणसे होती. 196 साली च्येनआन हे शक सुरू झाले, त्यापासून दहा वर्षेही झाली नाहीत तोच दोन तृतीयांश माणसे मेली आणि मेलेल्यांत दहांपैकी सात जणांना तापाने नेले. वाचकांनी जरा गणित करून पाहावे. सुमारे 130 माणसे, आणि त्यांतली नव्वदाच्या आसपास एकाच प्रकारच्या आजाराने. वैद्याचे घर, आणि वैद्याच्या डोळ्यांदेखत. आपल्या बेटावर 1866 ते 1868 या काळात मलेरियाने असाच कहर केला होता आणि उसाच्या मळ्यांवरच्या वस्त्यांतून हजारो माणसे गेली. ज्या कुटुंबांत त्या दिवसांची आठवण तोंडातोंडी आली आहे, त्यांना हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

त्या तापाला चिनी वैद्य शांगहान म्हणत, म्हणजे थंडीचा घाव. आज चिनी भाषेत हाच शब्द टायफॉइडसाठी वापरतात, पण त्या काळी बाहेरून येणाऱ्या बहुतेक सगळ्या तापांना तो लावला जाई. प्रस्तावनेत चुंगचिंगने आपल्या काळच्या वैद्यांना चांगलेच फैलावर घेतले आहे. ते जुने ग्रंथ अभ्यासत नाहीत, घराण्याच्या ठराविक नुस्ख्यांना चिकटून बसतात, रोग्याला दोन शब्द विचारून काढा लिहून देतात, मनगटाची नाडी पाहतात पण पायाची पाहत नाहीत, आणि पन्नास ठोकेसुद्धा मोजीत नाहीत, असा त्याचा आरोप आहे. प्रतिष्ठित मंडळींनाही त्याने सोडलेले नाही. हे लोक निरोगी असताना पैसा आणि मानमरातब यांच्या मागे धावतात व आजार आला की मांत्रिकाच्या पाया पडतात, असे तो म्हणतो. प्रस्तावनेचा काही भाग मागाहून जोडलेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. आम्हाला मात्र कुळाच्या मरणाचा तो हिशोब कोणा परक्याने बसून रचला असेल असे वाटत नाही.

मग त्याने ग्रंथ लिहावयास घेतला. जुनी वैद्यकशास्त्रे वाचली, चालू असलेले नुस्खे गोळा केले आणि सोळा भागांचा 'थंडीचा घाव आणि इतर रोग' हा ग्रंथ सिद्ध केला. चिनी भाषेत त्याला शांगहान त्साबिंग लुन म्हणतात.

या ग्रंथात नवे काय होते? त्यापूर्वीच्या शास्त्रात यिन आणि यांग, पंचतत्त्वे, शरीरातील वाहिन्या यांचे तत्त्वज्ञान भरपूर होते. औषधे मात्र थोडी. दुसरीकडे नुस्ख्यांच्या वह्या होत्या, त्यांत तत्त्वज्ञान नव्हते. चुंगचिंगने दोन्हींची गाठ घातली. ताप शरीरात कसा शिरतो आणि कोठवर पोहोचतो याचे त्याने सहा टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात नाडी वरवर लागते, डोके आणि मान दुखते, थंडी नकोशी होते. पुढच्यात अंगाची आग होते, घाम वाहतो, शौचास होत नाही. त्याच्या पुढे एकदा थंडी, एकदा ताप असा खेळ चालतो, तोंड कडू पडते. नंतरचे तीन टप्पे खोलवरचे : जुलाब, हातपाय गार, सारखी झोपाळू ग्लानी. वैद्याने आधी रोगी कोणत्या टप्प्यात आहे ते ओळखावे, मग औषध ठरवावे. रोगाच्या नावावरून औषध द्यावयाचे नाही, रोग्याच्या आजच्या लक्षणांवरून द्यावयाचे, ही त्याची शिस्त.

उदाहरणच घ्या. दोन रोगी, दोघांनाही ताप, दोघांचेही डोके दुखते. एकाला आपोआप घाम येतो, दुसऱ्याचे अंग कोरडे. पहिल्याला दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनी नावाच्या फुलझाडाची मुळी, ज्येष्ठमध, आले आणि चिनी बोरे असा पाच जिनसांचा काढा. दुसऱ्याला माहुआंग, दालचिनीच्या काड्या, जर्दाळूच्या बियांतील गर आणि ज्येष्ठमध. माहुआंग म्हणजे इफेड्रा. आपल्याकडे काही वैद्य याच्याच जातीच्या झुडपाला सोमलता म्हणतात. 1885 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई याने त्यातून इफेड्रिन वेगळे काढले आणि पुढे ते दम्यावर जगभर वापरले गेले.

पहिल्या काढ्याची कृती वाचताना आपण एखाद्या कडक सुईणीसमोर बसलो आहोत असे वाटते. सात मापे पाणी मंद आचेवर तीन मापे होईपर्यंत आटवावे. एक माप कोमट प्यावे. थोड्या वेळाने वर गरम, पातळ भाताची पेज प्यावी, म्हणजे औषधाला जोर येतो. पांघरूण घ्यावे. अंग सगळीकडे किंचित ओलसर झाले पाहिजे. पाण्यासारखा घाम वाहू देऊ नये, कारण मग रोग जात नाही. एका घोटात गुण आला तर उरलेला काढा पिऊ नये. मांस, दारू, थंड आणि चिकट पदार्थ वर्ज्य. तापात आले आणि पेज! आपल्या घरात वेगळे काय करीत होते?

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ग्रंथाचा बराच मोठा भाग दुसऱ्या वैद्यांनी बिघडवलेल्या रोग्यांविषयी आहे. घाम काढावयाच्या वेळी कोणी जुलाब दिला, पोट वाहू लागले, धाप लागली, अंगाला घाम सुटला. आता काय करावे? त्यावरही त्याने निराळा काढा दिला आहे. अशक्त रोग्याला जुलाबाचे औषध सोसत नसेल तर मध आटवून, बोटाएवढी वळी करून गुदद्वारात ठेवावी, असा सौम्य उपायही तो सांगतो.

ताप सोडून इतर रोगांचा भाग तर जुन्या संसाराची वहीच आहे. खोकला, कावीळ, छातीतली कळ, अतितहान, सूज, गर्भिणीचे आणि बाळंतिणीचे आजार. मलेरियात पोटाच्या डाव्या अंगाला प्लीहा वाढून गोळा होतो, त्यावर कासवाच्या कवचाची गोळी दिली आहे. कारण नसताना रडू येणाऱ्या स्त्रीसाठी गहू, ज्येष्ठमध आणि बोरे यांचा साधा काढा आहे. अशा स्त्रीला भूतबाधा झाली असे म्हणून झोडपण्याचा प्रघात अनेक देशांत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गव्हाच्या काढ्याची किंमत कळते.

त्याच्या निदानाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. वांग त्सान हा कवी विशीत असताना त्याला भेटला. चुंगचिंगने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून सांगितले की, तुला आत रोग आहे. चाळिशीत भुवया गळतील आणि त्यानंतर अर्ध्या वर्षाने मरण येईल. अमुक काढा घे. तरुणाला राग आला. तीन दिवसांनी भेट झाली तेव्हा त्याने औषध घेतल्याची थाप मारली. वैद्याने चेहऱ्यावरूनच ती ओळखली आणि जिवाची एवढी हेळसांड का करतोस असे विचारले. पुढे भाकीत खरे झाले, असे तिसऱ्या शतकातील वैद्य ह्वांगफू मी लिहितो. वांग त्सान 217 मध्ये वारला हे खरे. पण ते साल मोठ्या साथीचे होते, हेही खरे. दिवसांच्या मोजणीसकट जुळणाऱ्या भाकितांवर आम्ही फारसा भार टाकणार नाही.

तो छांगशा येथे सुभेदार होता आणि दर महिन्याच्या प्रतिपदेला व पौर्णिमेला कचेरीच्या दिवाणखान्यात बसून रोगी तपासत असे, अशीही आख्यायिका आहे. दिवाणखान्याला चिनीत थांग म्हणतात, म्हणून औषधी दुकानांच्या नावाअखेर थांग येते, असा लोक अर्थ लावतात. बीजिंगचे 1669 साली निघालेले थुंगरेनथांग हे त्यांतले नामांकित. छांगशाच्या सुभेदारांच्या जुन्या नोंदींत मात्र त्याचे नाव नाही.

त्याच्या मृत्यूनंतर 220 मध्ये हान घराणे कोसळले आणि ग्रंथाची पाने विखुरली. तिसऱ्या शतकात राजवैद्य वांग शूहो याने तापाचा भाग जुळवला. सातव्या शतकात सुन स्समियाओ या थोर वैद्याने तक्रार केली आहे की, दक्षिणेतले वैद्य चुंगचिंगचे नुस्खे दडवून ठेवतात, कोणाला देत नाहीत. आपल्याकडेही मुळी ओळखणारा म्हातारा नाव न सांगताच गेला, अशा कथा थोड्या आहेत काय? अखेर सुंग राजवटीने 1057 मध्ये वैद्यकग्रंथ शुद्ध करण्याची कचेरी उघडली. 1065 मध्ये तापाचा ग्रंथ छापून निघाला. इतर रोगांचा भाग वांग चू या विद्वानाला राजग्रंथालयात किडीने खाल्लेल्या अवस्थेत सापडला होता. तो 1066 मध्ये 'सोन्याच्या पेटीतील सार' अशा अर्थाच्या नावाने बाहेर आला. मोठ्या अक्षरांची आवृत्ती गरीब वैद्यांना परवडेना, म्हणून 1088 मध्ये बारीक अक्षरांची स्वस्त प्रत काढण्याचा हुकूम झाला. ज्या कारकुनाला ही अक्कल सुचली त्याचेही एक स्मारक व्हावयास हवे होते.

त्याच्यावर टीकाही झाली. सगळे ताप थंडीतून येत नाहीत, उष्ण रोगांना उष्ण औषध देऊन माणसे मरतात, असे छिंग काळातील वैद्यांनी मांडले. वू च्यूथुंग याने 1798 मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जपानात मात्र त्याचे काढे आजही डॉक्टर लिहून देतात. पण तेथेही 1990 नंतरच्या दशकात एका प्रसिद्ध काढ्याने काही रोग्यांची फुप्फुसे बिघडून मृत्यू झाले आणि सरकारला इशारा काढावा लागला. त्याच्या काही काढ्यांत बचनागाच्या जातीची विषारी मुळी असते. शिवाय हान काळातले एक ल्यांग सुमारे 15 ग्रॅमचे, तर पुढच्या वैद्यांनी ते 3 ग्रॅमच्या आसपास धरले. खरे माप कोणते यावर अजून वाद चालतो. म्हणून वाचकांनी हा लेख वाचून घरी काढे उकळू नयेत, ही विनंती. 2020 च्या साथीत चीनमध्ये त्याच्याच चार जुन्या नुस्ख्यांच्या मिश्रणाचा काढा हजारोंना दिला गेला. तो कितपत उपयोगी पडला यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

नानयांग येथे त्याचे समाधिमंदिर आहे. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी त्या भागातील लोक मांस भरलेल्या कानाच्या आकाराच्या उकडीच्या करंज्या खातात. गोष्ट अशी सांगतात की, चुंगचिंग गावी परतला तेव्हा गोरगरिबांचे कान थंडीने फुटलेले त्याने पाहिले आणि बोकडाचे मांस, मिरची व औषधी पाला घालून अशा करंज्या रश्शासह वाटल्या. आता मिरची अमेरिकेतून चीनला पोहोचली ती 16 व्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे चुंगचिंगनंतर साडेतेराशे वर्षांनी. तरी तेथल्या आया त्या दिवशी मुलांना करंज्या संपवावयास लावतात, नाही तर कान गळून पडतील अशी भीती घालतात, आणि मुले खातात.