शाळेच्या वाटेवरची यमू

सकाळी शाळेच्या वेळेला पाटोद्याच्या स्टँडवर जरा थांबून बघा. खेड्यावरून एसटी येते, पोरं ओरडत उड्या टाकतात, अन् मुली मात्र दप्तर छातीशी धरून, मान खाली घालून शाळेकडे निघतात. वर्ग एकच, मास्तर एकच, पण शाळा दोघांना सारखी नसते. अशी पोर दिसली की मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात.

माहेर कल्याणचं, नाव यमुना, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात, वयानं वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं ते दहा दिवसांत गेलं. आपण डॉक्टर व्हायचं, हे तिनं तेव्हाच धरलं.

मुंबईत ती मिशनच्या शाळेत पायी जायची. हातात पुस्तकं, पायात बूट! लोक थांबून बघायचे, हसायचे, टोमणे मारायचे. पुस्तकं घेऊन जाणाऱ्या मुलाकडे कोण वळून बघतं? तिला अभ्यासाआधी ही वाटच पार करावी लागे. बरं, घरी तरी सुख? अभ्यासात कसूर झाली की गोपाळराव मारत. त्यांनी बायकोला शिकवलं म्हणून आपण कौतुक करतो, ते खरंच आहे. पण हा मार आपण चटकन विसरतो, तेवढं मला पटत नाही.

आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. धाकट्या भावाला सांभाळायला शाळेतून कोणाला काढतात? पोरीलाच. नाहीतर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून अठराच्या आतच उजवून टाकतात. यमूचं नववं वर्ष फार लांबचं वाटत नाही मग.

१८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या अमेरिकेला निघाल्या. फिलाडेल्फियात साडीतच वावरल्या. थंडीनं अन् आजारानं पोखरल्या, तरी मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती. पण परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटरमावशींकडे पाठवली गेली. पकिप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.