सगळी नाणी जमवणारा माणूस

घरात सोनं साठवणं हाच गुन्हा ठरला तर? 1933 मध्ये अमेरिकेत तेच झालं. रूझवेल्ट सरकारनं लोकांना सोन्याची नाणी जमा करायला लावली. संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना मात्र सूट होती. बाल्टिमोरचा बँकर लुई एलियासबर्ग (1896-1976) याच फटीतून सोन्याच्या नाण्यांकडे वळला आणि त्याला नादच लागला.

1942 मध्ये त्यानं क्लॅप बापलेकांचा अख्खा संग्रह एक लाख डॉलरला उचलला. त्यातली कित्येक नाणी क्लॅपनी थेट टांकसाळीतून घेतलेली, म्हणजे अस्सलपणाची शंकाच नको! हे महत्त्वाचं का? एकोणिसाव्या शतकात सोन्याची 'प्रूफ' नाणी अनेकदा वर्षाला जेमतेम काही डझन निघायची. साचाही चकचकीत, चकतीही चकचकीत. त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा, कडा धारदार. साधं नाणं घासूनही चमकवता येतं, पण घासलं की बारकावे बोथट होतात. म्हणून पारखी चमकेला भुलत नाही. तो कडा बघतो आणि नाणं कुणाकुणाच्या हातून आलं ते विचारतो.

1950 मध्ये कार्सन सिटीचं 1873 चं चांदीचं दहा सेंटी नाणं मिळालं आणि त्याचा संच पूर्ण झाला: अमेरिकेत पडलेलं, तेव्हा माहीत असलेलं प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं नाणं! पठ्ठ्यानं ते तिजोरीत कोंडलं नाही, प्रदर्शनांत मांडलं. त्याच्यानंतर, 1982 मध्ये, नुसत्या सोन्याच्या नाण्यांच्या लिलावात सव्वा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम आली. तुम्ही काहीही जमवत असाल, तर चकाकीआधी त्याचा इतिहास तपासा.