सोरेन्सन: बिअर कंपनीच्या लॅबमध्ये जन्मलेला पीएच आज तुमची ॲसिडिटी कशी मोजतो?

छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणारं पाणी. हे झालं की आपण सरळ म्हणतो, ॲसिडिटी वाढलीय. पण वाढलीय म्हणजे नेमकी किती? हे आकड्यात सांगता येतं, आणि त्या आकड्यामागे आहे डेन्मार्कचा एक केमिस्ट, सोरेन सोरेन्सन.

डॉक्टर व्हायचं होतं, पण...

सोरेन्सन यांचा जन्म 1868 चा, घर शेतकऱ्याचं. वयाच्या 18 व्या वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात आले. मनात मेडिकल करायचं होतं, पण तिथे केमिस्ट्रीची गोडी लागली आणि रस्ता बदलला. 1901 मध्ये ते कार्ल्सबर्ग लॅबच्या रसायन विभागाचे प्रमुख झाले. होय, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग! पुढे 1938 पर्यंत त्यांनी हे पद सांभाळलं. त्यांची पत्नी मार्गरेट याही संशोधनात त्यांच्यासोबत होत्या.

अडचण काय होती?

सोरेन्सन एन्झाइम्सवर काम करत होते. द्रावण किती आम्लधर्मी आहे यावर एन्झाइमचं काम अवलंबून असतं. ही आम्लता ठरते हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरून, आणि ते आकडे 0.0001, 0.0000001 असे. शून्यं मोजताना कुणाचीही दमछाक व्हायची.

1909 मध्ये त्यांनी सोपा मार्ग काढला. 0.0001 ऐवजी फक्त 4 लिहायचं, 0.0000001 ऐवजी 7. हाच पीएच. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आकडा 1 ने कमी झाला की आम्लता 10 पट वाढते. म्हणजे पीएच 2 हा पीएच 4 पेक्षा दुप्पट नाही, तब्बल 100 पट आम्लधर्मी!

1934 मध्ये अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला इलेक्ट्रॉनिक मीटर बनवला आणि पीएच मोजणं आणखी सोपं झालं.

आता हा सेन्सर थेट अन्ननलिकेत

जठरातलं ॲसिड वारंवार वर येत असेल तर डॉक्टर आधी एंडोस्कोपी करतात. कॅमेऱ्यातून अन्ननलिकेतल्या जखमा दिसतात आणि त्यांना ए ते डी अशी ग्रेड मिळते. ए सौम्य, डी सगळ्यात गंभीर. पण बऱ्याच जणांना जळजळ भरपूर असते आणि कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. मग पीएच टेस्ट लागते.

यात नाकातून एक बारीक नळी घालतात आणि तिचा सेन्सर अन्ननलिकेच्या खालच्या झडपेपासून 5 सेंटीमीटर वर ठेवतात. दुसरा पर्याय वायरलेस कॅप्सूलचा. ती अन्ननलिकेला आतून चिकटवतात आणि ती कमरेच्या रिसीव्हरला 96 तासांपर्यंत रीडिंग पाठवते. नंतर आपोआप सुटून शौचावाटे बाहेर पडते.

पीएच 4 च्या खाली किती वेळ राहिला, हे मशीन मोजतं. दिवसाच्या 4 टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे साधारण 58 मिनिटांच्या आत, असेल तर नॉर्मल. 6 टक्क्यांच्या वर, म्हणजे सुमारे 86 मिनिटांहून जास्त, असेल तर रिफ्लक्स पक्का. मधल्या आकड्यांसाठी इतर तपासण्याही बघाव्या लागतात.

मग याचा आपल्याला फायदा काय?

जळजळ जास्त म्हणजे आजार जास्त, असं गणित नसतं. रिपोर्ट नॉर्मल आला तर वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणं टळू शकतं. उलट, त्रास कमी असूनही आत जखम असू शकते. त्यामुळे गिळताना अडकणं, रक्ताची उलटी, काळी शी किंवा विनाकारण वजन घटणं, यातलं काहीही दिसलं तर रील बघून औषध घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला तर ॲसिडिटी समजून थांबू नका, ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

सोरेन्सन 1939 मध्ये गेले. नोबेल त्यांना मिळालं नाही. डॉक्टर व्हायचं राहिलं, पण त्यांचा पीएच आज पेशंटच्या रिपोर्टवर छापला जातो.