एमआरआयचं कोडं ज्यांच्या लॅबमध्ये सुटलं, त्यांना स्टालिनच्या पोलिसांनी गोळी घातली

एमआरआय मशीनच्या चुंबकात सुपरकंडक्टर तार असते. तिच्यातून वीज बिनअडथळा फिरते. पण सुपरकंडक्टर आणि चुंबक यांचं एरवी हाडवैर. शुद्ध शिसं −२६९ अंशांपर्यंत थंड केलं की ते चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतं, आणि क्षेत्र एका मर्यादेपलीकडे वाढवलं की त्याची सुपरकंडक्टिव्हिटीच संपते.

मग एमआरआय चालतं कसं?

उत्तर दिलं लेव शुब्निकोव्ह यांनी. जन्म १९०१ चा, सेंट पीटर्सबर्गचा. १९२६ मध्ये ते हॉलंडच्या लायडनला गेले. सुपरकंडक्टिव्हिटीचा शोध १९११ मध्ये तिथेच लागला होता. तिथे ते बिस्मथचे अतिशुद्ध स्फटिक वाढवण्यात तरबेज झाले. पुढे सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकिव्हला त्यांनी लॅब उभी केली. द्रवरूप हेलियम तयार करणारी सोव्हिएत संघातली ती पहिली लॅब.

मिश्रधातू चुंबकीय क्षेत्रात विचित्र वागतात, हे तेव्हा माहीत होतं. पण अनेकांनी खापर नमुन्यावर फोडलं: धातू नीट मिसळले नसतील. शुब्निकोव्ह यांनी शिशात थॅलियम आणि इंडियम मिसळून एकसंध स्फटिक बनवले, वितळण्याच्या थोडं खालच्या तापमानाला बराच वेळ ठेवले. तरीही निकाल तोच! एका मर्यादेनंतर क्षेत्र आत शिरायचं, पण सुपरकंडक्टिव्हिटी टिकायची. ती जायची थेट दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या मर्यादेला. म्हणजे दोष नमुन्यात नव्हता, हा पदार्थाचाच गुण होता.

हे निष्कर्ष १९३७ पर्यंत छापून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली, १० नोव्हेंबरला गोळी घातली गेली. वय ३६. अटकेवेळी पत्नी ओल्गा गरोदर होत्या, त्याही भौतिकशास्त्रज्ञच. घरच्यांना नंतर कळवलं गेलं की ते १९४५ मध्ये हृदय बंद पडून वारले. साफ खोटं.

१९५७ मध्ये अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी सांगितलं की क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत शिरतं. शुब्निकोव्ह यांची मोजमापं त्या सिद्धांताशी जुळली. अब्रिकोसोव्ह यांना २००३ चं नोबेल मिळालं.

हे भोवरे हलले की वीज वाया जाते. म्हणून आजच्या सुपरकंडक्टर पट्ट्यांमध्ये धातूच्या पट्टीवर पातळ थर चढवताना त्यात मुद्दाम बारीक दोष ठेवतात, भोवरे त्यात अडकून बसतात. मात्र थराचे स्फटिक एका रांगेत लागावे लागतात. त्यासाठी खालचा पृष्ठभाग आधी तसाच तयार करावा लागतो, नाहीतर वीज वाटेतच अडते.

भोवऱ्यांच्या त्या अवस्थेला शास्त्रज्ञ आज शुब्निकोव्ह फेज म्हणतात.